कुत्र्या-मांजरांचा दवाखाना की तालुक्याची नोकरी?

इंटर्नशिप संपत आली की परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, कुठल्याही पशुवैद्यकीय कॉलेजच्या होस्टेलवर हाच विषय असतो. एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर व्हायचं, की शहरात जाऊन कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करायची? मी तालुक्याच्या दवाखान्यात चार वर्षं कंत्राटी काम केलं आणि गेली नऊ वर्षं पुण्यात छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवते. दोन्ही कामं मला मनापासून आवडली. पण पदवी एकच आहे म्हणून कामही एकच असेल, असं समजू नका.

पैशाचं आधी उरकून घेते. पशुधन विकास अधिकाऱ्याचं (गट-अ) मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. शहरातल्या पेट हॉस्पिटलात नवख्या डॉक्टरला सहसा यापेक्षा कमी मिळतं आणि रात्रपाळ्याही त्याच्याच वाट्याला येतात. स्वतःचा दवाखाना टाकलात तर सुरुवातीची वर्षं भाडं, डिपॉझिट आणि मशिनच्या हप्त्यांत जातात. जम बसला की चांगलं मिळतं, पण तुम्ही तापाने झोपलात तर त्या दिवशी दवाखाना बंद. सरकारी बाजूला बदल्या असतात, शेजारच्या रिकाम्या पदाचा अतिरिक्त कार्यभार असतो आणि भरतीच्या जाहिरातीची वाट बघणं असतं.

मला मोठा फरक जाणवला तो उपचाराचा निर्णय कशावर होतो, यात.

गावात गाय व्यायलेली असते आणि उठत नाही. मान कुशीकडे वळवून पडलेली, कान गार. दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटलेलं. शिरेतून कॅल्शियम हळूहळू सोडायचं, हृदयाच्या ठोक्यांवर कान ठेवायचा. बऱ्याचदा तासाभरात गाय उभी राहते आणि सगळं घर ते डोळ्यांनी बघतं. असं समाधान मला शहरात क्वचितच मिळालं. पण त्याच गोठ्यात कासदाहाने, म्हणजे कासेच्या संसर्गाने, एक सड कायमचा गेला की शेतकरी हिशेब मांडतो: औषधाला किती, दूध किती येईल, हप्ता कसा भरायचा. त्याला निष्ठुर म्हणू नका, त्या दुधावर मुलांची फी जाते. त्याच्या हिशेबात बसेल असा उपचार शोधणं, हेच तिथलं कौशल्य.

शहरात माणसं म्हणतात, "मॅडम, काहीही करा, पैशाचं बघू नका." आणि दहा मिनिटांनी घरातलंच दुसरं कुणीतरी बाहेर येऊन हळूच विचारतं, "साधारण किती होईल?" दोघंही खरंच बोलत असतात. पार्व्हो या विषाणूचा आजार झालेलं कुत्र्याचं पिल्लू घ्या. रक्ताचे जुलाब, उलट्या, अंगात पाणी उरलेलं नाही. त्या विषाणूवर नेमकं औषध नाही. चार-पाच दिवस सलाईन, उलटी थांबवणारी आणि प्रतिजैविकांची इंजेक्शनं देत त्याला तगवायचं, तरी वाचेलच असं नाही. सहा-आठ आठवड्यांपासून लशी वेळेवर झाल्या असत्या तर बहुधा हे टळलं असतं, हे तुम्हाला माहीत असतं. समोर मात्र खोली भाड्याने घेऊन राहणारा एक विद्यार्थी रडत उभा असतो. त्याला खर्चाचा आकडा स्पष्ट सांगावा लागतो. तो सांगायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दयामरणाचंही तसंच. गावातल्या चार वर्षांत हा प्रसंग माझ्यावर फार थोड्या वेळा आला. इथे तो नेहमीचा आहे. चौदा वर्षांचा लॅब्रेडॉर, मूत्रपिंडं निकामी झालेली, खाणं सोडलेलं. "झोपवायचं का आता?" हा प्रश्न घरच्यांनी विचारेपर्यंत थांबायचं, की त्याचे हाल होताहेत हे आपणच आधी बोलायचं? मी आता आधी बोलते. त्या कामाला मी शेवटची वेळ देते, बाहेर रांग ठेवत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन देते आणि घरच्यांना हवं तेवढं बसू देते. असा दिवस घरी घेऊन जाणं तुम्हाला सोसेल का, हे पगाराच्या आधी तपासा.

औषधशास्त्राच्या बाजूनेही जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपला अभ्यासक्रम बराचसा गाई-म्हशींभोवती फिरतो. मांजर टेबलावर आलं की आपण त्याला छोटा कुत्रा समजतो, आणि ते घातक ठरतं. घरच्यांनी ताप म्हणून दिलेली अर्धी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याचं यकृत ती कुत्र्यासारखी पचवू शकत नाही. रोजचं काम मात्र खाज, कान, गोचीड आणि लसीकरणाचं. त्याचा कंटाळा येणाऱ्याने शहरात येऊ नये.

अंगावरचा धोका दोन्हीकडे आहे. इथे चावे आणि ओरखडे, तिथे लाथ, आणि व्यायल्यावर आत अडकलेली वार काढताना ब्रुसेला, हा माणसालाही होणारा जिवाणूंचा संसर्ग. रेबीज तर दोन्हीकडे. "गाईच्या घशात काहीतरी अडकलंय" म्हणून बोलावतात आणि आपण तोंडात हात घालतो. ती गाय पिसाळलेली असू शकते. रेबीजच्या प्रतिबंधक लशी कामाला लागण्याआधीच घ्या, कुठेही गेलात तरी.

एका गोष्टीत तालुक्याचं पारडं मला आजही जड वाटतं. 2022 साली लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या त्वचारोगाची, मोठी साथ आली तेव्हा आमच्या बॅचचे सरकारी मित्र गोठ्यागोठ्यात जाऊन शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. एका दिवसात त्यांनी जेवढ्या जनावरांचं भलं केलं, तेवढं माझ्या दवाखान्यात कित्येक महिन्यांत होत नाही. मला रुग्णाचं नाव, त्याचा आवडता खाऊ, त्याची कित्येक वर्षांची फाईल माहीत असते, आणि मला तेच हवं होतं.

तुमचं अजून ठरत नसेल तर पंधरा दिवस संध्याकाळी एखाद्या शहरी दवाखान्यात बसा. उपचार शिकता येतील, त्याकडे तूर्त बघू नका. खर्च सांगताना डॉक्टर काय बोलतात आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते बघा. पुढचे पंधरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मागे मोटरसायकलवर बसा, अडलेल्या गाईचा पहाटेचा फोन येईल तेव्हाही.