कॅमेरा, कोयंडा आणि अडसर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचं घर बडोद्यात, रावपुऱ्याच्या मागे एका पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्तीत, आहे. पुढचं दार पोळीत उघडतं, मागचं हातभर रुंदीच्या गल्लीत, आणि गच्ची शेजारच्या दोन गच्च्यांना लागून. यजमानांच्या आजोबांनी गायकवाड सरकारच्या नोकरीत असताना बांधलेलं घर. सागवानी दारं अजून खणखणीत आहेत, पण त्यांच्यावरच्या कड्या-कोयंड्यांकडे आम्ही कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाहायला लावलं ऑगस्ट २०२४ च्या पुराने. विश्वामित्रीने ३५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी २६ फुटांची. नणंदबाईंचं घर कारेलीबागेत, तळमजल्यावर. पाणी शिरल्यावर दार फुगलं, ते लागेचना, म्हणून तसंच उघडं टाकून त्या आमच्याकडे आल्या. चार दिवस त्यांना फ्रिजची चिंता नव्हती, गाद्यांची नव्हती. रात्री उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, दार उघडं आहे गं." चोरी झाली नाही, पण त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. त्यात ३ ऑक्टोबरला घट बसणार होते. बडोद्यात नवरात्रात नऊ रात्री घरं ओस पडतात. आमच्याकडे लेक गरब्याला, आम्ही तिला आणायला-सोडायला, आणि घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या आई, म्हणजे सासूबाई, एकट्या.

आधी एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. चार कॅमेरे, रेकॉर्डर, सायरन, वायरिंग मिळून अडतीस हजार सांगितले. आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. मग गरज पडेल तसं एकेक घेत गेलो. आजवरचा खर्च ९,१५० रुपये. त्यातले २,८४० लाकूड, लोखंड, कुलपं आणि सुतारकाकांची मजुरी यांवर गेले, बाकीचे ६,३१० विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंवर. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर पहिले २,८४० डोळे झाकून खर्च करीन. उरलेल्यांतल्या प्रत्येक वस्तूपाशी मात्र थांबून विचार करीन.

आधी दारांचं सांगते, कारण तिथेच मी सगळ्यात जास्त शिकले. सुतारकाका आले, मागच्या दाराचा कोयंडा हातात धरून त्यांनी नुसता हिसका दिला आणि एक स्क्रू भुशासकट बाहेर आला. अर्ध्या इंचाचा स्क्रू, जुन्या लाकडात. "वहिनी, कुलूप कोणी तोडत नाही हो. कटावणी कोयंड्यात घालतात आणि स्क्रूसकट उपटतात," ते म्हणाले. आम्ही वर्षानुवर्षं अलीगढच्या जड कुलपावर भरवसा ठेवून निघत होतो आणि ते कुलूप अर्ध्या इंचावर लटकत होतं.

काकांनी दोन्ही दारांना जाड सळईचे नवे अल्ड्रॉप (कुलूप लावायच्या सरकत्या कड्या) बसवले, तेही स्क्रूवर नाही. फळीला आरपार भोक पाडून गोल डोक्याचे बोल्ट घातले आणि आतून वायसर लावून नट आवळले. बाहेरून पाना लावायला काही दिसतच नाही. चौकटीकडच्या बाजूला लांब स्क्रू घेतले, चौकटीतून जाऊन मागच्या भिंतीत रुतणारे. दोन अल्ड्रॉपचे ६४० रुपये, मजुरी ७००, आणि सात लिव्हरची दोन कुलपं १,१०० ला. कुलूप घेताना लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या, किती हे बघावंच, पण त्याची कडी किती उघडी राहते हेही बघा. जितकी उघडी, तितकी करवतीला जागा.

काम चालू असताना काकांनी पुढच्या दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर बोट वाजवलं. आवाज पोकळ आला. चुन्याचे थर खरवडले तर आत चौकोनी भोक निघालं, हात खांद्यापर्यंत घातला तरी टोक लागू नये इतकं खोल. दाराच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीत त्याच उंचीवर वीतभर खाच. आई आतून म्हणाल्या, "अडसराचं भोक ते. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी रोज रात्री अडसर सरकवायचे." बासष्ट साली अल्ड्रॉप आला, अडसर माळ्यावर गेला आणि पुढे कधीतरी बंबात. काकांनी जुन्या पलंगाची सागवानी पट्टी तासून नवा अडसर केला, चारशे रुपयांत. दिवसा तो भिंतीच्या पोटात सरकलेला असतो, फक्त लोखंडी कडी बाहेर दिसते. रात्री कडी धरून ओढला की दारामागून आडवा जातो आणि पलीकडच्या खाचेत बसतो. त्याला बॅटरी लागत नाही आणि पासवर्डही नाही. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी मी तरी याहून चांगली वस्तू पाहिलेली नाही. आतून लावायचा असल्यामुळे घर बंद करून जाताना तो उपयोगाचा नाही, हेही सांगते.

आता कॅमेरा. २,२०० रुपयांचा, वायफायवर चालणारा, मान फिरवणारा. घेताना कळलं नव्हतं की असे बरेच कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच जोडले जातात. राउटर दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ) एकाच नावाने देत होता, म्हणून अख्खी संध्याकाळ गेली; बँड वेगळे केले तेव्हा जुळला. पहिल्यांदा ओटल्यावर, म्हणजे दाराबाहेरच्या कट्ट्यावर, लावला. दुसऱ्याच दिवशी समोरच्या बेन आल्या. त्यांचं दार आणि दाराशी बसून भाजी निवडणारी त्यांची सून चित्रात येत होती. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. कॅमेरा काढून आत घेतला, दिवाणखान्यात, पुढच्या दाराकडे तोंड करून. तर आई नाराज: "मी माझ्या घरात पाय पसरून बसायचं नाही का?" तेही रास्तच. मग कॅमेऱ्याचा प्लग वेगळ्या बटणावर घेतला. घरात कोणी असलं की बटण बंद, सगळे बाहेर पडले की चालू. घरातल्या माणसाला अवघडल्यासारखं होत असेल तर तो कॅमेरा कितीही चांगला असो, चुकीच्या जागी आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

चित्र दिवसा स्वच्छ, रात्री पुरेसं. मात्र काचेमागे किंवा जाळीमागे ठेवला तर रात्री त्याचाच अदृश्य उजेड उलटून येतो आणि नुसतं पांढरं दिसतं. कोळ्यांना ही जागा फार आवडते. भिंगासमोर एक धागा हलला की मोबाइलवर "हालचाल आढळली". दर रविवारी केर काढताना कॅमेऱ्यावरूनही कुंचा फिरवते. "फक्त माणूस" हा पर्याय चालू केल्यावर सूचना कमी झाल्या.

रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मेमरी कार्डाच्या बाबतीत मात्र फसले. ५०० रुपयांचं साधं ६४ जीबी कार्ड पाचव्या महिन्यात गेलं, आणि गेलेलं कळलं आठ दिवसांनी. कॅमेरा जुनं पुसून त्यावर अखंड नवं लिहीत असतो, साधं कार्ड त्याला पुरं पडत नाही. सतत लिहिण्यासाठी मुद्दाम बनवलेलं "हाय एन्ड्युरन्स" कार्ड मिळतं. ते ९०० ला घेतलं, अजून ठीक आहे. दरमहा पैसे भरून मिळणारं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घेतलं नाही. लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की सूचना बंद, म्हणून राउटरला १,२५० चा छोटा यूपीएस जोडला. घरातली लेक त्यासाठी वेगळे आभार मानते. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

दाराला चिकटवायच्या चुंबकाच्या अलार्मबद्दल माझं मत मध्यम आहे. तीन घेतले, ७८० रुपये. आत काचेच्या बारीक नळीत दोन पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या चिकटून राहतात, दार उघडलं की सुटतात आणि भोंगा वाजतो. उत्तरायणात याचा खरा उपयोग झाला. १४ आणि १५ जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर असतं, पतंगामागे मुलं या कठड्यावरून त्या कठड्यावर उड्या मारतात, आणि खालचं घर मोकळं. आम्ही शेजारच्या गच्चीवर उंधियू खायला गेलो तेव्हा आमच्या गच्चीचं दार कोणीतरी ढकललं आणि भोंगा अख्ख्या पोळीने ऐकला. पाणी प्यायला निघालेला पाहुण्यांचा मुलगा होता, बिचारा घाबरला. पण फेब्रुवारीत बघते तर तिन्ही मुके. आतले बटण-सेल संपले होते आणि संपताना या वस्तू काहीही सांगत नाहीत. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. आता दर संकष्टीला दार उघडून वाजवून बघते. तिथीमुळे लक्षात राहतं.

सेन्सरचे दिवे मात्र घ्याच. ६८० मध्ये दोन, साध्या होल्डरमध्ये बसतात. एक ओटल्यावर, एक मागच्या गल्लीत. या दिव्याचा सेन्सर उजेडावर नाही, उष्णतेवर चालतो. अंगाची ऊब मागच्या भिंतीपेक्षा वेगळी असेल तर आणि ती हलली तरच त्याला कळतं. त्यामुळे मे महिन्यात, रात्री नऊलाही भिंतींतून झळा येत असताना, ओटल्यावरचा दिवा माणूस अगदी जवळ आल्यावरच लागायचा. मला आधी वाटलं बिघडला. पावसाळा लागल्यावर आपोआप सुधारला.

गल्लीतल्या दिव्याबद्दल शेजारच्या बांची, म्हणजे गुजराती आजींची, तक्रार होती. मांजर गेलं तरी तो लागतो आणि उजेड त्यांच्या खिडकीत जातो. मी दिव्याला पत्र्याची झापडी लावली, तरी थोडा जायचाच.

एप्रिलमध्ये पुण्याला लग्नाला गेलो, आईंना घेऊन, पाच दिवस. परत आल्यावर बा दारातच भेटल्या. दुसऱ्या रात्री दिव्याच्या उजेडाने त्यांचा डोळा उघडला. पुन्हा मांजर, असं म्हणून त्या कूस बदलणार, तोच लाकडाचा करकर आवाज आला. त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं आणि पावलं पळाली. मी मागच्या दाराशी गेले. चौकटीवर बोटभर खोल दोन ओरखडे, ताजं पिवळं लाकूड दिसत होतं. अल्ड्रॉपची सळई मधोमध किंचित वाकली होती. बोल्ट जागचे हलले नव्हते. माझे हात थरथरत होते, तरी मी एकेक नट आतून चाचपून पाहिला.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. तो पुढच्या दाराकडे बघत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. रिकामा दिवाणखाना, घड्याळाची टिकटिक, आणि दोन पन्नासला लांबून, भिंतीपलीकडून, बांचा आवाज: "कोण छे? कोण छे त्यां?" तेवढंच. पोलिसांत अर्ज दिला, फोटो दिले. दुसऱ्या दिवशी बांकडे पुण्याहून आणलेली बाकरवडी घेऊन गेले आणि मागच्या दाराची एक किल्ली त्यांच्याच हाती ठेवून आले.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. आईंच्या पाटल्या आणि गोठ लॉकरमध्ये गेले. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणजे दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. सोनं त्याहून जास्त किमतीचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

दुसरं, विमा. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी देतात. आग, वीज, वादळ, पूर तिच्यात येतात, आणि घराच्या विम्याच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. नणंदबाईंना ती पुराआधी माहीत असती तर किती बरं झालं असतं. पण चोरीच्या बाबतीत नीट वाचा. या पॉलिसीत चोरी धरतात ती पूर-आगीसारख्या घटनेनंतर, तिच्यामुळे आणि सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं. मी एजंटला तीन वेळा विचारून घेतलं.

आता पुन्हा कॅमेरा घेईन का, असं मैत्रिणी विचारतात. एकेक करून घ्यायचं असेल तर आधी दोन दारांचे बोल्ट, मग गल्लीतला दिवा, मग जमलं तर कॅमेरा, आणि तोही चोर ज्या बाजूने येईल त्या बाजूला. आम्ही दिवाळीपर्यंत दुसरा घेऊन मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लावणार आहोत, म्हणजे कोणाची खिडकी त्यात येणार नाही.

सध्या पाऊस आहे. अडसर दमटपणाने फुगला आहे, भोकातून निघताना अडतो. आईंनी त्याच्यावर मेणबत्ती घासून ठेवली आहे. रात्री अकराला दिवे मालवण्याआधी त्या कडी धरून ओढतात, पट्टी सरकत जाते आणि पलीकडच्या खाचेत बसताना एक जाड आवाज होतो. वर माझ्या खोलीत तो ऐकू येतो.