जुनी सोसायटी की टाउनशिप? घरं दाखवणाऱ्याचा कौल

पुण्यात घर शोधणाऱ्या कुटुंबाची यादी फिरून फिरून दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागातली जुनी, वीस-पंचवीस फ्लॅटची सोसायटी. दुसरा म्हणजे हिंजवडी-माण किंवा वाघोलीकडची आठ-दहा टॉवरची टाउनशिप. एजंट म्हणून मी दोन्हीकडे घरं दाखवतो. टाउनशिपमध्ये भाड्याने राहिलो आहे आणि स्वतःचं घर जुन्या सोसायटीत घेतलं आहे. माझा कल त्यावरून कळेलच, पण प्रत्येकाची गरज वेगळी असते, हेही रोज बघतो. भाव, चौरस फूट, क्लबहाउस हे ब्रोशरमध्ये असतं, त्यात जात नाही. राहायला गेल्यावर शेजार कसा मिळतो, तेवढंच बोलतो.

गिऱ्हाईक फ्लॅट बघत असतं तेव्हा मी खाली येऊन जिन्याजवळचा नोटीस बोर्ड वाचतो. काचेची पेटी, तिला लहानसं कुलूप, आत टाचण्यांनी लावलेले कागद: वार्षिक सभेची नोटीस, टाकी कधी धुणार, कोजागरीला दूध किती वाजता, थकबाकीदारांची नावं. सोसायटीची नाडी तिथे लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी लावायची असते. डिसेंबरातही बोर्डावर मागच्या वर्षीचाच कागद लटकत असेल, तर हिशेब आणि ऑडिटही तसंच रखडलेलं असण्याची शक्यता मोठी, हे मी गिऱ्हाइकाला तिथेच सांगतो. टाउनशिपमध्ये हे सगळं अ‍ॅपवर असतं. रहिवाशांसाठी सोयीचं आहे, पण घर घ्यायला आलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती चकचकीत लॉबी.

मुलांच्या बाबतीत टाउनशिप उजवी, यात मला शंका नाही. गाड्या तळघरात, वर मोकळं अंगण, संध्याकाळी एकाच वयाची पंधरा-वीस पोरं खाली. आयांना खिडकीत उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघावं लागत नाही. जुन्या सोसायटीत क्रिकेट म्हणजे पार्किंगमधल्या दोन गाड्यांमधली पट्टी, आणि तळमजल्यावरचे आजोबा दुपारी झोपलेले. शिवाय या इमारतींतली मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलीत. तुमच्या सातवीतल्या मुलीला बरोबरीचं कुणी मिळेलच असं नाही.

गणपतीत मात्र गंमत उलटी होते. टाउनशिपचा मांडव देखणा असतो, ढोल-ताशा पथक येतं, कार्यक्रमांची आखणी चोख असते. पण बरंचसं काम ठेक्याने दिलेलं. जुन्या सोसायटीत पार्किंग धुऊन तिथेच मखर बसतं आणि आरतीचा मान रोज एका घराला. पहिल्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत लिहून बोर्डावर लावतात. नवीन कुटुंबाची ओळख पहिल्याच वर्षी होऊन जाते, कारण प्रसादाची पाळी त्यांच्यावरही येतेच.

पाण्याचं थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातला टाउनशिपच्या मागच्या गेटवर जाऊन उभे राहा आणि आत जाणारे टँकर बघा. शहराच्या कडेच्या बऱ्याच प्रकल्पांचं पाणी टँकरवर चालतं आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. मेंटेनन्स महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि संस्थेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असली, की त्यावर १८ टक्के जीएसटीही बसतो. जुन्या सोसायट्या या आकड्याच्या जवळपासही नसतात. अर्थात तिथे महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, आणि त्या वेळा सांभाळाव्या लागतात.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. गोष्ट साधी आहे: छताला आलेली ओल.

टाउनशिपमध्ये राहत असताना बाथरूमच्या छतावर पिवळसर डाग उमटला. अ‍ॅपवर तक्रार टाकली, लगेच नंबर मिळाला. देखभाल विभागाचा मुलगा आला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "साहेब, गळती वरच्या फ्लॅटमधून आहे, आमच्याकडे येत नाही." संध्याकाळी अ‍ॅपवर तक्रारीपुढे 'निकाली' असं हिरवं अक्षर. पुन्हा टाकली, पुन्हा फोटो, पुन्हा निकाली. वर गेलो तर नोकरी करणारी चार मुलं भाड्याने राहत होती. बिचारी सभ्य होती, पण टाइल फोडायची परवानगी ती कशी देणार? त्यांचा मालक परदेशात. ऑफिसने त्याचा नंबर दिला नाही, आणि एका अर्थी त्यांचंही बरोबर होतं. तोवर डाग परातीएवढा झाला, रंगाचे पापुद्रे बादलीत पडायला लागले, दाराची चौकट फुगून दार लागेना.

नियम दोन्हीकडे सारखाच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, मोरी-संडासातून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे. प्रश्न एवढाच, की हे सांगायचं कुणाला?

जुन्या सोसायटीत राहायला आल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असाच डाग दिसला. जिना चढून वर गेलो. काकू चहा घेत होत्या. खाली येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या मोरीचा सांधा गेला असणार. उद्याच बोलावते हो प्लंबरला." दुसऱ्या दिवशी फोडाफोड सुरू झाली आणि काम होईपर्यंत त्यांनी ती मोरी बंद ठेवली. कुठे अर्ज नाही, कुठे फोटो नाही.

एवढ्याशा डागावरून एवढा मोठा निर्णय घ्यावा का, असं कुणी विचारेल. मला तरी त्यात मोठं काही दिसलं. टाउनशिपमधले बरेच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात. हे मी धंद्यातून सांगतो, कारण ते भाड्याने लावून द्यायला मालक माझ्याकडेच येतात. ११ महिन्यांचा करार, मग नवीन भाडेकरू, मग पुन्हा माझ्याकडे. जुन्या इमारतीतला फ्लॅट माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा कुणी वारल्यावर किंवा मुलांकडे कायमचं राहायला गेल्यावर. शेजार घडायला माणसं एका जागी टिकावी लागतात, आणि कुठे टिकतात ते माझ्या नोंदवहीत स्पष्ट दिसतं.

सरसकट बोलणं योग्य होणार नाही. मगरपट्टा सिटी शेतकऱ्यांनी आपली जमीन एकत्र करून, स्वतः भागधारक होऊन उभी केली. कामाच्या जागा आतच असल्याने तिथली वर्दळ निराळी आहे. तशी टाउनशिप मिळत असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवायला हरकत नाही.

आणि जुन्या सोसायटीतले जाच मी झाकून ठेवणार नाही. भाडेकरूकडे, त्यातही एकट्या मुलामुलींकडे, तिथे संशयाने बघतात. ते मला पटत नाही, आणि सभेत मी ते बोलतोही. ट्रान्सफरच्या वेळी 'देणगी' मागायची सवय काही कमिट्यांना आहे. शहरी भागात हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. घर पुढे भाड्याने देणार असाल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

सर्वांत मोठा प्रश्न पुनर्विकासाचा. कोथरूडच्या गल्ल्यांत आज एकाआड एक इमारत पत्र्यांच्या आड गेलेली दिसते. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे आज हौसेने फर्निचर केलंत आणि तीन वर्षांत ते काढून भाड्याच्या घरात जावं लागलं, असं होऊ शकतं. म्हणून कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा) अर्ज केलाय का, आणि गेल्या दोन सभांच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा ठराव आहे का, हे टोकन देण्याआधी बघा. टाउनशिपमध्येही कागद तपासायचे असतातच. टॉवरची सोसायटी वेगळी, वर त्या सगळ्या सोसायट्यांचं मिळून फेडरेशन वेगळं. रेरा या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या कायद्यानुसार ५१ टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीसाठी अर्ज व्हायला हवा, पण शेवटचा टॉवर उभा राहीपर्यंत रस्ते, बाग आणि सांडपाण्याच्या प्लँटवर बिल्डरचा हात राहतो.

मुलं लहान असतील, दोघांची ऑफिसं हिंजवडीत असतील आणि गावाहून नुकतेच आला असाल, तर मी तुम्हाला आधी टाउनशिपच दाखवीन. तिथे तुमच्यासारखीच कुटुंबं भेटतील आणि रोजचे दोन तास वाचतील, ही काही लहान गोष्ट नाही. पण घरात आई-वडील असतील आणि पुढची पंधरा-वीस वर्षं एकाच दारावर नावाची पाटी ठेवायचा विचार असेल, तर कोथरूड-कर्वेनगरकडच्या दोन-तीन सोसायट्या बघितल्याशिवाय कुठेही सही करू नका. बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळीच घरं छान दिसतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा आणि फ्लॅट बघून झाला की एक मजला वर चढा. बेल वाजवून सांगा, की खालचं घर बघायला आलोय. दार कोण उघडतं, मालक की भाडेकरू, आणि बोलणं उंबऱ्यावरच संपतं की आत या म्हणतात, ते बघून मगच मला फोन करा.