‘रॉक्सी म्युझिक’चा पहिला अल्बम: अजूनही शिळा न झालेला

‘रॉक्सी म्युझिक’ या ब्रिटिश रॉक बँडचा 1972 चा हा अल्बम कानाला अजून ताजा लागतो, कारण तो एका जागी बसतच नाही. गायक ब्रायन फेरी चित्रकलेचा विद्यार्थी, न्यूकॅसलला कोलाजसाठी गाजलेल्या पॉप-आर्ट चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनच्या हाताखाली शिकलेला. कोलाजची, म्हणजे तुकडे जोडून चित्र करण्याची, ती सवय गाण्यांतही उतरली आहे. पहिल्याच ‘री-मेक/री-मॉडेल’चं पालुपद म्हणजे चक्क गाडीची नंबरप्लेट! शेवटी प्रत्येक वाद्याला दोन घटका मोकळं सोडलंय: बास बीटल्सच्या ‘डे ट्रिपर’ची ओळ वाजवतो, सॅक्सोफोन जर्मन संगीतकार वॅग्नरची. खानदेशातल्या वरातीत बँडवाला या गाण्यातून त्या गाण्यात घुसतो ना, तसंच.

‘लेडीट्रॉन’ हेडफोनवरच ऐका. सुरुवातीला बँडमधल्या ब्रायन ईनोचा सिंथेसायझर, त्यावर सॅक्सोफोनवाल्या अँडी मॅकेचा ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं फुंकवाद्य. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर गायबच होतात. ‘द बॉब’ मात्र तुकडे जोडल्यासारखंच राहतं.

‘व्हर्जिनिया प्लेन’ मूळ ब्रिटिश एलपीवर (मोठ्या तबकडीवर) नव्हतं, नंतरच्या आवृत्त्यांत आलं. घेताना गाण्यांची यादी बघा. आणि एलपी घेतलीत तर उभीच ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. जळगावच्या मे महिन्यात ती पापडासारखी वाकते, मग सुई उड्या मारते.