एसटीसी-१००० थर्मोस्टॅट: गोव्याच्या उन्हापावसात बॉल पायथनच्या अंड्यांसाठी वापरल्यानंतरचा अनुभव

गोव्यात किंवा कोकणात बॉल पायथन या पाळीव सापाचं ब्रीडिंग करणाऱ्यांसाठी लिहितेय. थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघितले तर सगळी काळजी उष्णता कशी द्यायची याची असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भानगड बरोबर उलटी, उष्णता फुकट येते, ती अडवायची कशी हाच प्रश्न. अंड्यांना ३१ ते ३२ डिग्री पाहिजे, साधारण दोन महिने, आणि ३४ च्या वर बराच वेळ गेलं तर पिल्लांच्या पाठीच्या कण्यात बाक येतो किंवा अंड्यातच मरतात. माझी वरची स्लॅबची खोली मेमध्ये दुपारी ३४-३५ ला जाते. मग नुसता हीटिंगचा थर्मोस्टॅट काय करणार? हीट मॅट बंद करून गप्प बसणार, बॉक्स तापतच राहणार.

म्हणून दोन रिलेवाला (एक हीटिंगचा, एक कूलिंगचा आपोआप चालणारा स्विच) एसटीसी-१००० घेतला, हजाराच्या आत मिळतो. इन्क्यूबेटर म्हणजे एका बारवाल्याने विकायला काढलेला पेल्टियरचा (कॉम्प्रेसरशिवाय, विजेवर गार होणारी पट्टी) छोटा वाइन कूलर. त्याचं कूलिंग एका रिलेवर, आत लावलेली हीट मॅट दुसऱ्यावर, आणि हवा फिरवायला कॉम्प्युटरचा छोटा फॅन कायम चालू. वायरिंग करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, याचे रिले म्हणजे नुसते स्विच, त्यातून लायट आपोआप येत नाही, फेज वेगळी जोडून द्यावी लागते. १-२ सप्लाय, ३-४ सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. ज्यांना हे वाचून भीती वाटते त्यांनी सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सेटिंग: एफ१ म्हणजे हवं ते तापमान, ते ३१.५, एफ२ म्हणजे त्यापासून किती हललं की चालू व्हायचं तो फरक, तो ०.५ ठेवलाय. एफ३ हा कूलिंग परत चालू व्हायच्या आधीचा थांबा, मिनिटांत, तो कॉम्प्रेसर वाचवायला असतो. पेल्टियरला कॉम्प्रेसरच नाही म्हणून मी १ वर आणला, पण जुना फ्रिज वापरत असाल तर ३ च्या खाली आणू नका. एफ४ कॅलिब्रेशन, बर्फाच्या पाण्यात सेन्सर धरून शून्य येतंय का बघायचं आणि जेवढं चुकतंय तेवढं तिथे भरायचं.

आता खरं काम. हा ऑन-ऑफ प्रकारचा आहे, डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणं) नाही, त्यामुळे मॅट बंद झाली तरी तिच्यातली गरमी थोडा वेळ वर चढतच राहते. त्यावर उपाय पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, मी बॉक्समध्ये बसतील तेवढ्या ठेवल्या आणि चढउतार एकदम कमी झाला, लायट गेली तरी त्याच बाटल्या बॉक्स धरून ठेवतात. सेन्सर भिंतीला किंवा मॅटला टेकवायचा नाही, अंड्यांच्या डब्याशेजारी त्याच उंचीवर लटकवायचा. डब्यात वेगळा मिन-मॅक्स थर्मामीटर ठेवाच, कंट्रोलरचा आकडा म्हणजे फक्त सेन्सरच्या टोकाचा आकडा.

पहिल्या मादीची अंडी शिगम्यानंतर आली, दुसरीची मेच्या अखेरीला, त्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्हीत याची परीक्षा झाली. मेमध्ये दुपारी कूलिंग, पहाटे हीटिंग, न सांगता आपसूक बदलत राहिला, याच्यासाठीच पैसे वसूल. पावसाळ्यात खोली २७-२८ ला येते, मग सगळा भार मॅटवर. जुलैत त्रास निघाला तो आकड्यांचा नाही, दमटपणाचा, टर्मिनलमधल्या तांब्याच्या वायरींना हिरवट थर आला. टोकं कापून नवीन काढली, स्क्रू परत आवळले आणि कंट्रोलर एका बंद प्लास्टिक बॉक्समध्ये सिलिका जेल टाकून बसवला. बॉडी वॉटरप्रूफ नाही, इन्क्यूबेटरच्या आत तर अजिबात लावू नका.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. रिलेचा कॉन्टॅक्ट कधीतरी चिकटतो, स्वस्तात काय महागात काय, आणि चिकटला की मॅट चालूच राहते. म्हणून मॅटच्या लाइनमध्ये दुसरा साधा थर्मोस्टॅट ३३ वर लावून ठेवलाय, पहिला फेल झाला तर तो तोडेल. आतली अंडी दोन महिने आपल्या भरवशावर असतात, तिथे पाच-सहाशे रुपयांचा विचार करू नये.

अंड्यांतून पिल्लं निघाल्यावर हाच कंट्रोलर मोठ्या सापांच्या रॅकवर (त्यांना ठेवायच्या खणांवर) गेला. गरम बाजू ३१-३२, आणि डिसेंबर-जानेवारीत पेअरिंगच्या वेळी रात्री २४-२५ पर्यंत उतरू देते, आपल्याकडे तेव्हा रात्री बाहेर २०-२१ असतं म्हणून त्यासाठी वेगळं काही करायला लागत नाही. याला दिवस-रात्रीचा टायमर मात्र नाही, संध्याकाळी हाताने सेटिंग बदलावं लागतं, ही मला मोठी उणीव वाटते. कॉर्न स्नेकवाल्यांना हिवाळ्यात बरंच जास्त गारवा द्यावा लागतो, तो गोव्यात नैसर्गिक मिळणार नाही, त्यांना फ्रिज किंवा एसी लागेलच.

आणि बॉल पायथन आफ्रिकेतला, साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतला, २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा, पिल्लांचीसुद्धा. आपला अजगर, धामण घरात आणायचा विचारही नको, तो गुन्हा आहे.

टायमरची गरज नसेल आणि वायरिंग नीट करणार असाल तर घ्या. मी रॅकसाठी आता डिमिंगवाला बघतेय, इन्क्यूबेटरवर मात्र हाच राहणार.