चिखल्यांवर टर्बिनाफिन मलम : सात महिन्यांच्या वापरानंतर

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी जुलैमध्ये भाताची रोपे लावताना दिवसभर चिखलात उभे राहावे लागते, आणि एरवी मी बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत ८ तास जाड सेफ्टी शूज घालून काम करतो. पायाची ओल सुटतच नाही ती अशी. गेल्या पावसाळ्यात दोन्ही पायांच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, तेव्हा दरवर्षी होतात आणि थंडी पडली की जातात, एवढाच विचार मी केला. कातडी पांढरी पडून भिजवलेल्या पोह्यासारखी मऊ झाली होती. जराशी ओढली तरी सुटायची आणि खाली लाल, ओली भेग दिसायची. वहिनींनी मेंदी लावून दिली. तिने जागा थोडी सुकली, खाज मात्र थांबली नाही.

नंतरची चूक सर्वस्वी माझी होती. औषधांच्या दुकानात जाऊन ‘खाजेचे मलम’ मागितले आणि मिळाले ते तीन औषधांचे मिश्रण घेऊन आलो. तीन दिवसांत खाज आणि लाली दोन्ही नाहीशी झाल्यामुळे मी निर्धास्त झालो. पण मलम थांबवताच चट्टा बेचक्यातून पावलाच्या वरच्या बाजूस सरकला. त्या मिश्रणात तीव्र स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने दाह दबतो, मात्र त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि ज्या बुरशीने चिखल्या होतात तिला मोकळे रान मिळते. २०१८ पासून अशी बहुतेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, हे मला त्यानंतर कळले.

ऑगस्टमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चट्ट्याच्या कडेची कातडी बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहूनच औषध लिहिले. बेचक्यातील सगळीच पांढरी कातडी बुरशीची नसते, काही वेळा तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्याचे औषध वेगळे असते, म्हणून ही तपासणी मला फार मोलाची वाटते. मिळाले ते १ टक्का टर्बिनाफिन हे बुरशीनाशक मलम, दिवसातून दोनदा. साध्या चिखल्यांना हे मलम एक ते दोन आठवडे पुरते, क्लोट्रिमाझोल हे दुसरे बुरशीनाशक असेल तर साधारण चार आठवडे लावावे लागते. माझ्या चट्ट्याचे स्वरूप स्टिरॉइडने बिघडल्यामुळे मला टर्बिनाफिनच चार आठवडे लावण्यास सांगितले.

पहिले दोन दिवस भेगेत चुणचुण झाली. पाचव्या दिवशी रात्रीची खाज गेली आणि दहाव्या दिवशी बेचक्यात गुलाबी, कोरडी कातडी दिसू लागली. मलम सोडून देण्याचा मोह होतो तो इथेच. कातडी वरून बरी दिसत असतानाही बुरशी आत शिल्लक असू शकते, हे मनाशी पक्के धरून मी उरलेले दिवस पूर्ण केले. मलम किती लावतो यापेक्षा कुठे आणि कशावर लावतो याला महत्त्व आहे : चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत, पातळ थर, आणि तोही बेचके पूर्ण कोरडे झाल्यावरच. आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या करून मी प्रत्येक बेचके वेगळे पुसत असे आणि वापरलेली पट्टी थेट धुण्याच्या बादलीत टाकत असे.

एवढे करूनही गणपतीनंतर चिखल्या परतल्या, आणि या वेळी कारण घरातच सापडले. माझा पुतण्या तालमीत जातो. त्याच्या मानेवर गजकर्णाचा चट्टा होता, अंघोळीनंतर आम्ही दोघे एकच टॉवेल वापरत होतो, आणि न्हाणीघराच्या दारातील पायपुसणे तर दहा माणसांचे होते. चिखल्या आणि गजकर्ण एकाच गटातील बुरशीने होतात, हे त्या घरात राहून कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. मग पुतण्यावर आणि माझ्यावर एकाच वेळी उपचार झाले. त्याला चट्टा जाईपर्यंत कुस्ती बंद ठेवण्यास सांगितले. तो नाराज झाला, पण तालमीतील इतर पोरांचा विचार करता ते आवश्यकच होते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा झाला. मोजे, टॉवेल आणि पायपुसणे हंड्यातल्या कडकडीत पाण्यात भिजवून धुऊ लागलो आणि ऊन असेल तेव्हा उन्हातच वाळवू लागलो. न्हाणीघरात मी स्वतःची रबरी चप्पल घालतो, दुसऱ्या कोणाला ती घालू देत नाही. कपडे घालताना आधी मोजे आणि मग अंतर्वस्त्र, म्हणजे पायाची बुरशी जांघेत जात नाही. ही गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती.

आईला मधुमेह आहे, त्यामुळे तिची काळजी सर्वांत जास्त वाटली. मधुमेह असलेल्या माणसाच्या बोटांतील लहानशा भेगेतून जिवाणू शिरले तर पाय सुजून लाल होतो आणि प्रकरण गंभीर होऊ शकते. तिचे पाय मी आजही रोज संध्याकाळी उजेडात पाहतो. अशा माणसाने घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये.

सेफ्टी शूजचे आता दोन जोड केले आहेत. एक घालतो, दुसरा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिवसभर वाळत ठेवतो. सुती मोजे जेवणाच्या सुटीत बदलतो. क्लोट्रिमाझोलची पावडर मोज्यांत टाकतो, पण ती केवळ प्रतिबंधासाठी. झालेल्या चिखल्या तिने गेल्याचे मला दिसले नाही.

टर्बिनाफिन सर्वांनाच लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत या औषधाला दाद न देणारी बुरशी आढळू लागली आहे, म्हणून दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर दुसरी ट्यूब आणण्याऐवजी पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. शिवाय मलम नखात पोहोचत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख पिवळे आणि जाड झाले होते आणि बुरशीचा साठा तिथेच राहत होता. त्यासाठी यकृताची रक्ततपासणी करून सप्टेंबरपासून तीन महिने रोज टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी घेतली. पायाचे नख फार सावकाश वाढते, अंगठ्याचे पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. आज फेब्रुवारीत मुळाकडून सहा-सात मिलिमीटर स्वच्छ, पातळ नख आले आहे आणि पुढचा पिवळा भाग दर पंधरवड्याला वेगळ्या नेलकटरने कापतो.