लोखंडाचा चतुष्फलक की पॅलेडियमचा अष्टफलक?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि आपोआप जुळणारे धातू-सेंद्रिय पिंजरे करायचेत, तर आधी हे दोन पाहा: रसायनशास्त्रज्ञ निट्श्के यांच्या गटाचा २००८ चा लोखंडी चतुष्फलक आणि रसायनशास्त्रज्ञ फुजितांचा १९९५ चा पॅलेडियमचा अष्टफलक. (२०२५ चं नोबेल मिळालं ते मॉफला, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकटींना. ती न संपणारी जाळी. हे सुटे, पाण्यात विरघळणारे रेणू.)

एकाच सत्रात निकाल हवा असेल तर डोळे झाकून लोखंड घ्या. लिगँड (धातूला पकडणारा सेंद्रिय रेणू) वेगळा बनवावा लागत नाही, तो भांड्यातच तयार होतो. ०.०४ मिलिमोल पिंजऱ्यासाठी बेंझिडीन-२,२′-डायसल्फोनिक आम्ल ८२.६ मिग्रॅ, टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड पेंटाहायड्रेट ८७ मिग्रॅ, २-फॉर्मिलपिरिडीन ४६ मायक्रोलिटर आणि शेवटी फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ४४.५ मिग्रॅ. पाण्यातून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडा, मग ५० अंशांवर सुमारे २० तास ठेवा. ४ लोखंड कोपऱ्यांवर, ६ लिगँड कडांवर बसतात.

फसतं ते वजनात. बाजारातल्या डायअमाइनमध्ये (वरच्या बेंझिडीनच्या आम्लात) पाणी असतं. लेबलवरची शुद्धता धरून वजन वाढवा, नाहीतर ४:६ चं प्रमाण मोडतं. हातमोजे सक्तीचे. फेरस सल्फेट पिवळट-तपकिरी दिसलं तर बाटली बदला. आणि गडद जांभळा रंग आला म्हणून हुरळू नका: तो लोखंड-इमिन बंधाचा रंग, पिंजरा मिटल्याचा पुरावा नव्हे. पुरावा एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चुंबकीय तपासणीत), लिगँडच्या संकेतांचा एकच संच. रेषा पसरट आल्या तर फेरिक झालं असण्याची शंका आधी घ्या.

पॅलेडियम महाग, पण भूमिती शिकायची तर तेच. त्याचे चार बंध चौकोनी. एथिलीनडायअमाइन शेजारचे दोन कोपरे अडवतं आणि ९० अंशांचा कोन उरतो. ०.०२ मिलिमोल पिंजऱ्यासाठी या पॅलेडियम-एथिलीनडायअमाइन जोडीचं नायट्रेट ३४.९ मिग्रॅ आणि ट्रायपिरिडिलट्रायाझीन २५ मिग्रॅ, जड पाण्यात ८० अंशांवर. हा लिगँड पाण्यात विरघळत नाही. गढूळपणा जाऊन द्रावण नितळ होत गेलं की समजा, पिंजरा जमतोय. खरी मेख आधीच्या पायरीत आहे. हे नायट्रेट बनवताना जोडीच्या क्लोराइडवर सिल्व्हर नायट्रेट बरोबर २ समतुल्य लागतं. कमी पडलं तर क्लोराइड जागा अडवून बसतं, जास्त झालं तर चांदीच पिरिडीन पकडते.

कोन बदलून आकार बदलायचा मोह होईल. नुसतं पॅलेडियम नायट्रेट आणि वाकडा लिगँड घेतला, तर १२७ अंशांच्या फ्युरानने १२ पॅलेडियमचा गोल होतो, १४९ च्या थायोफीनने २४ चा. दोन्ही मिसळले तर १२ वरून २४ वर पालट १३१ ते १३४ अंशांच्या सरासरीत होतो. मात्र ते लिगँड बनवण्यातच सत्र संपेल.

एनएमआरसाठी नमुना पुण्याला पाठवायचा असेल, तर पॅलेडियमची नळी साध्या टोपणाने चालते. लोखंडाची नायट्रोजनखाली बंद करा आणि आम्लाचा थेंबही लागू देऊ नका, पिंजरा उघडतो.