दिवाळीचा फराळ आणि पोरांचे दात: काय द्यावं, कधी द्यावं, दातांना काय लावून घ्यावं

दिवाळीत पोरांचं गोड बंद करणं कोल्हापुरात आजवर कुणाला जमलेलं नाही आणि ते जमवायची गरजही नाही. ठरवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. डबा दिवसभर हाताशी ठेवायचा की वेळेवर उघडायचा? साखरेचं करायचं की गुळाचं? लाडू पुढे करायचा की चिक्की? आणि सुट्टीआधी डेंटिस्टकडे जायचंच असेल तर वार्निश (किडीपासून जपणाऱ्या फ्लोराईडचा लेप) करून घ्यायचं की सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा थर)? या सगळ्यांचं वजन सारखं नाही. पहिला प्रश्न नीट सुटला तर मधले दोन चुकले तरी फार बिघडत नाही.

दिवसभर उघडा डबा की ठरलेली वेळ

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्यामुळे दातावरच्या जंतूंच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं. पुढे लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि गेलेल्यातलं थोडं कॅल्शियम परत बसवते. या सगळ्याला अर्धा ते एक तास लागतो. मधेच तोंडात आणखी काही गोड गेलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

म्हणजे एका बैठकीत दोन लाडू खाल्ले तर दातांना एकच मार बसतो. तेवढीच साखर दिवसभर चिमूटचिमूट पोटात गेली तर लाळेला सवडच मिळत नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथे १९४५ पासून काही वर्षं याच मुद्द्यावर प्रयोग झाले. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. (बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता केलेला हा प्रयोग होता. आज त्याला कुणीही परवानगी देणार नाही. पण दंतवैद्यकात अजून त्याचा दाखला देतात.)

आता आपल्याकडचं चित्र बघा. अंगणात किल्ला चाललेला असतो. पोरगं माती कालवतंय, बुरूज थापतंय, मावळे कुठे उभे करायचे यावर शेजारच्याशी भांडतंय. दर वीस मिनिटांनी आत येतं, हात चड्डीला पुसतं, डब्यातली मूठभर शंकरपाळी उचलतं आणि पळतं. दोन तोंडात, उरलेली खिशात. बुरूज पुरा होईतोवर खिसा रिकामा होतो, की परत फेरी. जेवताना आई म्हणते, आज काही खाल्लंच नाही यानं. दातांच्या हिशेबानं मात्र त्यानं सकाळी नऊपासून तोंड बंद केलेलं नसतं.

त्यामुळे माझा कौल सरळ आहे. फराळ दिवसातून दोनदा, ताटलीत वाढून, शक्यतो नाश्त्याला किंवा जेवणाला जोडून. मधल्या वेळी भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, साखर न घातलेलं दूध किंवा फळ द्यावं. ताटलीत किती वाढायचं यावर आजीशी वाद घालत बसू नका. एखादा लाडू जास्त गेला तर जाऊ दे, डबा मात्र वरच्या फळीवर राहू दे.

गूळ की साखर

हा प्रश्न कोल्हापुरात विचारणं म्हणजे धाडसच. आपल्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं पेटतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. अशा गावात घरातलं मोठं माणूस म्हणणारच, ‘गुळानं काय हुत न्हाई, खाऊ दे पोराला.’

दातांपुरतं बोलायचं तर होतं. गुळात बहुतेक भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखरेत असतं तेच. थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, तेही जंतूंना तितकंच आवडतं. गुळातलं लोह वगैरे पोटाच्या कामाचं असेल, पण दात किडवणाऱ्या जंतूंना त्याचं सोयरसुतक नाही. उलट गूळ चिकटतो. गुळाचा खडा चघळत फिरणारं पोर आणि गोळी चोखत फिरणारं पोर यांच्या दातांना एकच भोग. मध, काकवी आणि खजुराचं सिरपही याच रांगेत बसतं.

चवीसाठी, घरच्या रिवाजासाठी किंवा गुऱ्हाळवाल्या पाहुण्यांनी ढेप पाठवली म्हणून गूळ वापरा. दात वाचतील म्हणून साखर सोडून गूळ घ्यायला मात्र काही आधार नाही. गूळ द्यायचा तर जेवणात द्यावा. काकवी-पोळी खाऊन, वर पाणी पिऊन उठलेलं पोर खडा चघळणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं. उसाच्या कांड्याचंही तेच. ‘ऊस चावला की दात साफ होतात’ असं म्हणतात खरं, पण रस तर गोडच असतो आणि पोर कांडं तासभर चावत बसतं.

ताटलीत काय वाढावं

चिकटपणा आणि तोंडात रेंगाळणारा वेळ, या दोन कसोट्या लावल्या की क्रम आपोआप लागतो. सगळ्यात वाईट चोखायच्या गोळ्या आणि लॉलीपॉप. त्यांच्या पाठोपाठ टॉफी, जेली आणि चिक्की. साधं चॉकलेट लवकर विरघळतं, म्हणून टॉफीपेक्षा परवडलं. बेसनाचा किंवा रव्याचा लाडू तुपामुळे तोंडात विरतो आणि गिळून मोकळं होता येतं. त्यात साखर भरपूर असते, पण जेवणाला जोडून खाल्ला तर तो मला सगळ्यात कमी त्रासाचा वाटतो. करंजी, अनारसे मधे कुठेतरी.

लोक फसतात ते शंकरपाळी आणि चकलीला. शंकरपाळी फार गोड लागत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण मैदा आणि साखर यांचा तो लगदा दाढांच्या खाचांत जाऊन बसतो. चकली तिखट म्हणून निर्धोक वाटते. तिच्यातलं पीठ दाढेत अडकलं की लाळच त्याची साखर करायला लागते. गोड पदार्थाइतकं नुकसान नसतं, पण नुसतं तिखटमीठ दिलं म्हणून दात सुटले असं होत नाही. चिवड्यात शेंगदाणे-डाळं जास्त आणि पिठीसाखर कमी असेल तर मधल्या वेळेला तोच बरा.

खाऊन झाल्यावर चूळ भरायला लावायची, एवढं पुरे. सरबत किंवा कोल्ड्रिंकसारखं आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश घासू नये, अर्धा-एक तास जाऊ द्यावा.

रात्रीचा ब्रश मात्र चुकता कामा नये आणि दिवाळीत नेमका तोच चुकतो. फटाके उडवून पोर अकरा वाजता घरी येतं, हातात कुणीतरी पेढा ठेवतं आणि ते तसंच सोफ्यावर झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तो पेढा रात्रभर दातांवर काम करत राहतो. म्हणून संध्याकाळी फटाक्यांना बाहेर सोडण्यापूर्वीच ब्रश करून घ्यावा आणि त्यानंतर फक्त पाणी.

पेस्ट घेताना ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचावा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराईड १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) चालतं. कार्टूनचं चित्र असलेल्या कित्येक पेस्टमध्ये ते याच्या निम्मं असतं किंवा अजिबात नसतं. १००० पीपीएमची घरातली साधी पेस्टच तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी द्यावी. थुंकायला शिकवावं, पण नंतर खळखळून चुळा भरायला लावू नये. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आपण फिरवावा. आणि आजीच्या मिश्रीचं बोट पोराच्या हिरडीला कधीही लागू देऊ नका. ती तंबाखू आहे.

वार्निश की सीलंट

दोन्ही वेगळ्या कामाचे आहेत आणि निवड बरीचशी वयावर ठरते. वार्निशमध्ये साधारण २२,६०० पीपीएम फ्लोराईड असतं. ते छोट्या ब्रशनं सगळ्या दातांना फासतात, लाळेत लगेच घट्ट होतं आणि काम काही मिनिटांत उरकतं. ड्रिल नाही, सुई नाही. रडकं पोर असलं तरी जमतं. दर तीन ते सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. सहाच्या आतल्या, दुधाचेच दात असलेल्या मुलासाठी मी वार्निश निवडेन.

सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली कायमची दाढ येते. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता उगवते. म्हणून पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे की’ म्हणून सोडून देतात. तिच्यावरच्या खाचा खोल असतात, तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. सीलंट म्हणजे त्या खाचा बुजवणारा पातळ थर. दाढ पूर्ण वर आलेली हवी, कोरडी ठेवता यायला हवी आणि पोरानं थोडा वेळ तोंड उघडून शांत बसायला हवं. नीट बसलं तर काही वर्षं टिकतं, फक्त अधूनमधून दाखवून घ्यावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकच काही करायचं असेल तर सीलंट. ऐपत आणि वेळ असेल तर दोन्ही.

दातात आधीच खड्डा पडला असेल तर आधी तो भरायचा, हा प्रश्न मग नंतरचा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा नवे पारगावच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. सरकारी शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजू देऊ नका.

अपॉइंटमेंट सहामाही परीक्षेनंतर लगेच, वसुबारसेच्या आधी घ्यावी. वार्निश लावल्यावर काही तास कडक आणि गरम खायचं नसतं, त्या रात्री ब्रशही करत नाहीत. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी लावून आणलंत, तर पहाटेच्या अंघोळीनंतर चकलीवरून जी रडारड होईल ती तुमची तुम्ही बघा.